एक लाख कोटी एकोणचाळीस

मला सवत होती, आणि ती तेरा अंकी होती. एक, पुढे दहा शून्यं आणि शेपटाला एकोणचाळीस. वाचायची तर एक लाख कोटी एकोणचाळीस. हसा, खुशाल हसा. पहिली दोन वर्षं मीही हसलेच होते. मग भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, आणि शेवटी त्या बयेचं सगळं मीच करायला लागले. ते कसं, ते सांगते.

आमचे हे छापखान्यात होते. साधा छापखाना नव्हे, तिथे नुसते आकडे छापायचे. लॉग टेबलं, वर्गमुळांची कोष्टकं, जहाजवाल्यांना लागतात ती कोष्टकं. पाचशे पानांचं पुस्तक, पण वाचायला त्यात एक ओळ नाही. ह्यांचं काम प्रूफ तपासायचं. समोर एक माणूस मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, त्याला सगळे भोंगा म्हणायचे. हे ओळीखाली लोखंडी पट्टी धरून प्रुफातला एकेक आकडा डोळ्यांनी टिपायचे. तो म्हणायचा सात, शून्य, तीन. हे म्हणायचे हं. पुढची ओळ. असं तीस वर्षं. मी एकदा डबा द्यायला गेले होते आणि दहा मिनिटं दारात उभी राहिले, तर मलाच भोवळ यायची वेळ आली.

ह्यांना तिथे ताळ्या म्हणायचे. ताळा पाहिल्याशिवाय कुठलीही बेरीज सोडायचे नाहीत म्हणून. घरीसुद्धा तेच. मी पडद्याचं कापड मापून ठेवलं की हे दुसऱ्या टोकाकडून परत मापणार. मी शिलाई करते, चाळीस वर्षं करतेय, माझ्या टेपवर कुणी शंका घेतलेली मला खपत नाही. "ताळ्या म्हणे! नाव ताळ्या आणि ताळतंत्र कसलंच नाही," असं मी म्हणायची. हे परत मापायचे. माप बरोबरच यायचं, पण माझं डोकं फिरायचं ते फिरायचंच.

मूळ संख्या म्हणजे काय ते मला ह्यांनीच सांगितलं. जिला एकानं आणि तिच्या स्वतःनं सोडून कशानंच भाग जात नाही, ती. सात, अकरा, तेरा. मी म्हटलं, "म्हणजे तुमच्या आत्याबाई. कुणाशीच जमत नाही." हे खूप हसले. तेव्हा हसायचे.

ह्यांच्या हातून गेलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे दहा लाखांपर्यंतच्या मूळ संख्यांचं कोष्टक. अठ्ठ्याहत्तर हजार चारशे अठ्ठ्याण्णव संख्या, एका ओळीत दहा. पुस्तकाच्या शेवटी छापलंय, "तपासून निर्दोष", आणि खाली ह्यांची सही. जन्मात ह्यांचं काही छापून आलं असेल तर ती सही.

मग बटणांची गणकयंत्रं आली. खिशात मावणारी. कोष्टकं कोण घेतंय मग? विभाग बंद झाला, छपाईचे शिशाचे खिळे वितळवायला गेले आणि ह्यांना पंचावन्नाव्या वर्षी घरी बसवलं. निरोपाचा चहा होता. कोष्टकांवर देखरेख ठेवायला एक म्हातारे प्राध्यापक यायचे, ते ह्यांना सहज म्हणाले, "तुमच्या या पुस्तकाच्या जोरावर लाख कोटींच्या घरातली कुठलीही संख्या मूळ आहे की नाही ते ठरवता येईल. माणसाकडे तेवढा वेळ असला तर." बोलणारा चहा पिऊन आपल्या घरी गेला. इकडे माझ्या घराची गणितशाळा झाली.

ह्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडून दाखवलं होतं. संख्या फुटते, म्हणजे ती दोन संख्यांचा गुणाकार असते. लाख कोटींच्या जरा पुढची संख्या घेतली तर तिचे दोन्ही तुकडे दहा लाखांहून मोठे असू शकत नाहीत, कारण दहा लाख गुणिले दहा लाख म्हणजेच लाख कोटी. तेव्हा निदान एक तुकडा पुस्तकात सापडलाच पाहिजे. नाही सापडला, तर संख्या मूळ.

"आणि नाही सापडत हे कळणार कसं?" मी विचारलं.

"पुस्तकातल्या सगळ्यांनी भागून बघायचं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

मी कपाळावर हात मारला आणि कणीक मळायला उठले.

लाख कोटींच्या पुढची पहिली मूळ संख्या कोणती, ते काढायचं ह्यांनी ठरवलं. लाख कोटी एक घेतली, ती त्र्याहत्तरनं फुटली. तेरावाली सातनं, एकवीसवाली अकरानं. सदतीसपर्यंतच्या सगळ्या फुटल्या, काही पहिल्याच बैठकीत, काही बराच घाम काढून. एकोणचाळीसवाली फुटेना. महिना झाला, वर्ष झालं. तिथून ती आमच्या घरात राहायलाच आली.

रोज एक ओळ, म्हणजे दहा भागाकार. सकाळी सहाला चहा झाला की बसायचे ते साडेसातपर्यंत. प्रत्येक भागाकाराचा ताळा. मग वहीत भाजक, भागाकार, बाकी. ताप असला तर ती ओळ दुसऱ्या दिवशी भरून काढायचे. लेकीच्या लग्नाच्या दिवशी घरात पाहुणे मावत नव्हते, तर हे जिन्यात बसून भागत होते. व्याही वरून येताना ह्यांच्या पायांवरून उडी मारून गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि रोजचं फळ काय, तर बाकी. भाग गेला नाही. आज गेला नाही, काल गेला नाही, उद्याही जाऊ नये. बाकीच्यांचे नवरे काहीतरी घडलं म्हणून सांगत येतात, माझा रोज काही घडलं नाही म्हणून खूश. मी एकदा चिडून विचारलं, "कळून करायचंय काय तुम्हाला? कुणी विचारलंय?"

ह्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेले आकडे बरोबर आहेत एवढंच सांगितलं मी. एक गोष्ट तरी अशी हवी की जी मला माहीत आहे. कुणी सांगितली म्हणून नाही. मला माहीत आहे म्हणून."

त्यानंतर मी ती वही टेबलावरून फेकायची धमकी देणं सोडलं.

साडेतेरा वर्षं असं चाललं. सहा लाखांच्या थोडं पुढे गेले होते. मग डोळे गेले. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात. हे कडेचं दिसेनासं झालं तरी कुणाला बोलले नव्हते, कारण मधलं दिसत होतं, ओळ दिसत होती. ओळीपुरतं दिसलं की ह्यांचं भागत होतं. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवरच भांडायला लागले आणि भांडता भांडता रडायला लागले. तीन-चार महिन्यांत मधलंही गेलं.

पाटी-पेन्सिल घेऊन अंदाजानं भागायला बघायचे. अंक एकावर एक चढायचे. एके दिवशी मी बघत होते, ह्यांनी ओळ संपवली, वहीत उतरवली, आणि वही उघडीच नव्हती. टेबलावरच्या पुसायच्या फडक्यावर लिहिलं होतं सगळं. मी मशीन थांबवलं. म्हटलं, "सरका. मला सांगा कसं करायचं ते."

सातवी शिकलेली बाई मी. सहा अंकांचा भाजक म्हणजे वाघ वाटायचा. पहिल्या आठवड्यात एका भागाकाराला अर्धा तास लागायचा, नाकी नऊ यायचे. हे समोर बसून ऐकायचे. मी प्रत्येक पायरी मोठ्यानं म्हणायची, हे डोक्यात धरायचे, चुकले की लगेच "अं-हं" म्हणायचे. पुढे हात बसला. मापाचं काम करणारीला आकड्यांचं काय एवढं? तेही एक कापणंच.

त्याच आठवड्यात लेक आली होती. ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते ती. बापाला म्हणाली, "बाबा, ऑफिसातलं यंत्र एका क्षणात सांगेल. सांगू?"

"नको," हे म्हणाले. "यंत्र सांगतं. दाखवत नाही."

हट्टात कुणावर गेली आहे ती? बापाचीच मुलगी. कोपऱ्यावरून ऑफिसात फोन करून उत्तर काढून आली, आणि मी भांडी घासत होते तिथे माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, आहे. मूळच आहे."

माझ्या हातातून पातेलं निसटलं. बाहेरून ह्यांनी विचारलं, "काय पडलं गं?" मी म्हटलं, "काही नाही." मग लेकीचा दंड धरला आणि तिला सांगितलं, "हे तुझ्या तोंडातून परत निघालं तर बघ."

आता तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं होतं. मोकळी झाली असतीस. मीही रात्रंदिवस तेच म्हणत होते मनाशी. पण डोळे गेलेल्या माणसाकडे दुसरं होतं काय? सकाळी सहाला उठायचं ते त्या ओळीसाठी. आणि खरं सांगू का, मलाही ती दीड तासाची बैठक आवडायला लागली होती. लग्नाच्या तीस वर्षांत हा माणूस माझ्याशी सलग दीड तास कधी बोलला नव्हता. भले आकडे बोलू दे, पण माझ्याकडे तोंड करून बोलत होता. म्हणून मी मूग गिळून बसले. आठ वर्षं.

आणि भागाकार मात्र सगळे खरे केले. हे नीट ऐका. उत्तर माहीत होतं, तरी एकही बाकी मी मनानं टाकली नाही. बोटाला सुई लागून पू झाला होता तेव्हाही नाही. बहीण गेली त्या आठवड्यातही नाही. ह्यांना काय दिसणार होतं? वाटेल तो आकडा लिहिला असता तरी चाललं असतं. नाही लिहिला. एकोणतीस हजारांच्या वर भागाकार केले मी, आणि प्रत्येकाचा ताळा पाहिला.

एकदा बाकी शून्य आली. पायऱ्या त्या दिवशी मी मनातच केल्या होत्या, कारण ह्यांना खोकला झाला होता आणि ऐकत बसवत नव्हतं. मी म्हटलं, "बाकी..." आणि थांबले.

"किती?"

"शून्य आलीय. पण माझं चुकलंय कुठेतरी."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "ताळा न बघताच चुकलं कसं म्हणतेस?"

मी सावरून घेत म्हटलं, "हाताला कळतं हो. कापड तिरपं कापलं की कळतं तसं." मग सगळं परत केलं, तर मधे एके ठिकाणी हातचा राहिला होता. बाकी आली चार लाखांच्या वर काहीतरी. हे खुर्चीत मागे टेकले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून बराच वेळ बसले. मी चहा केला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी ह्या माणसाला फसवतेय. पण वाटून गप्प बसले.

वर्षं गेली. नऊ लाख ओलांडले. हे शहात्तर वर्षांचे झाले, मला गुडघ्यांनी धरलं. शेवटचं पान आलं तेव्हा ह्यांनी दाढी करून घेतली माझ्याकडून. लेकीला कळवलं होतं, ती दुपारी पोचणार होती. ह्यांनी तिला काय सांगायचं ते वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं. "ही संख्या मूळ आहे, मला माहीत आहे." एवढंच. मला चारदा म्हणून दाखवलं. शहाण्यासारखी मीही चारदा "छान आहे" म्हटलं.

शेवटची ओळ आठच संख्यांची होती. दहा लाखांच्या अगदी काठावर बाक्या लहान लहान होत जातात, ते आम्हाला आधीच्या पानांवरच कळलं होतं. नऊशे सातची, म्हणजे नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे सातची, आठ हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी. मग सहा हजारांवर, मग बरोबर चार हजार आठशे. मग दोन हजारांवर, मग सतराशे वीस, मग पंधराशे साठ. हे लहान मुलासारखे टेबलावर बोटं वाजवत होते. सातवी घेतली. भागलं. मी म्हटलं, "नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे एकाहत्तर. बाकी आठशे ऐंशी."

बोटं थांबली.

"भाजक परत वाच. एकेक आकडा."

"नऊ, नऊ, नऊ, नऊ, सात, एक."

"शेवटचा नऊ असेल. भिंग घेऊन बघ."

मी भिंग आणलं, खिडकीपाशी जाऊन पुस्तक उजेडात धरलं. "एकच आहे हो. स्वच्छ एक."

ह्यांनी बोटं टेबलावरून काढून घेतली. मग अगदी हळू आवाजात, शाळेत विचारतात तसं विचारलं, "सहा नवांच्या संख्येला सातनं भाग जातो की नाही?"

जातो. ते ह्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

"त्यातून अठ्ठावीस काढ. किती राहतात?"

काढले. शेवटी एकाहत्तर येत होते. आणि अठ्ठावीस सातच्या पाढ्यात आहे, हे मला कुणी सांगायला नको होतं. म्हणजे त्या संख्येला सातनं भाग जात होता. ती मूळ नव्हती. मूळ संख्यांच्या पुस्तकात तिला जागाच नव्हती.

"तिथे एकोणऐंशी हवे होते," हे म्हणाले. "नवाच्या जागी एकाचा खिळा बसलाय. भोंग्यानं नऊ वाचले असणार. बघत मी होतो."

मी म्हटलं, "मग त्यात काय एवढं? एकोणऐंशीनं भागते, झालं." आणि भागलंसुद्धा तिथल्या तिथे. बाकी चारशे ऐंशी. मोठ्यानं सांगितली. ह्यांचं लक्षच नव्हतं.

"ही मला सापडली, कारण ती सहा नवांच्या शेजारी होती," हे म्हणाले. "आतल्या पानांत अशा किती असतील? मूळ संख्येच्या जागी भलतीच छापलेली असेल, आपण त्या भलतीनं भागलं असेल आणि खरीनं भागायचं राहूनच गेलं असेल. मला वाटलं होतं एकही नाही. मी सही केली होती गं." मग म्हणाले, "तो दिवस मला आठवतसुद्धा नाही. शेवटचं पान होतं, तरी आठवत नाही."

एक संख्या राहिली होती ओळीत. ती तशीच राहिली. दुपारी लेक आली, दारातूनच ओरडली, "झालं का, बाबा?" हे म्हणाले, "नाही झालं." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. लेक दोन दिवस राहून गेली. ठरवलेलं वाक्य तिला ऐकायला मिळालं नाही.

आठवडाभर ताटातलं निम्मं परत यायचं. आठव्या दिवशी सकाळी सहाला हे आपणहून टेबलापाशी येऊन बसले. मला हायसं वाटलं. मी पटकन चहा ठेवला.

"यादीच नव्यानं करू," हे म्हणाले. "कुणाच्या छापण्यावर जायला नको. दोनपासून सुरू करू. एकेक संख्या गाळत जायचं."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. शहात्तर वर्षांचा आंधळा माणूस, मनगटं काडीसारखी झालेली, आणि हा दोनपासून सुरू करणार. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

"अहो, वय काय आपलं? एकवीस वर्षं लागली! आभाळ फाटलंय, त्याला मी ठिगळ कुठे कुठे लावू? लेकीला सांगते, ती यंत्रातून बरोबर यादी काढून देईल. आपली यादी तिच्याशी ताडून बघू. जेवढ्या चुकल्या असतील तेवढ्याच परत करू."

"यंत्राच्या यादीवर विश्वास ठेवायचा, तर मग यंत्राच्या उत्तरावर का नाही ठेवायचा?"

"तेच म्हणतेय मी! का नाही ठेवायचा? आहे ती मूळ! केव्हाच सांगितलंय यंत्रानं!"

तोंडातून निघून गेलं. जिभेला हाड नाही म्हणतात, ते खोटं नाही. चहा उतू गेला, त्याचा वास घरभर झाला, पण मी जागची हलले नाही.

"केव्हा?" ह्यांनी विचारलं.

"डोळे गेले तेव्हा. मी बसायला लागले त्याच आठवड्यात."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही ओरडले असते. हे नुसते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे भागताना तुला माहीत होतं."

"माहीत होतं. पण भागाकार सगळे खरे केलेत मी. तुमची शपथ. लेकीची शपथ. एक आकडा खोटा टाकलेला नाही."

"तू मुद्दाम टाकशील असं मी म्हणत नाही." अगदी मऊ आवाजात बोलत होते, छापखान्यातल्या नव्या माणसाला समजावतात तसं. "ज्याला उत्तर माहीत आहे त्याला आम्ही कधी तपासायला बसवायचो नाही. त्याला चूक दिसत नाही गं. त्याच्या डोळ्यांना बरोबरच दिसतं."

"मग तपासा! काय तपासायचं ते तपासा माझं!"

मी वह्यांची पेटी ओढली आणि माझ्या वह्या टेबलावर आदळल्या. मधूनच एक उघडून भाजक वाचला, भागाकार वाचला, बाकी वाचली. ह्यांनी डोळे मिटून डोक्यात गुणाकार केला. पाऊण तास गेला असेल. "बरोबर," म्हणाले. मी दुसरी वही उघडली. तीही बरोबर निघाली. तिसऱ्या वेळी मधेच अडकले, परत पहिल्यापासून केलं, कपाळावर घाम आला होता. "बरोबर."

"बघा! मग?" मी म्हटलं. "आता तरी?"

"तीन बरोबर आले," हे म्हणाले. "तीन बरोबर आले म्हणून सगळे बरोबर, असं होत नाही."

मी वह्या गोळा केल्या. चुलीवरचं पुसून घेतलं. त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांचे पडदे द्यायचे होते, ते शिवले. शिवताना मला इतका राग आला होता, ह्यांचा, त्या प्राध्यापकाचा, लेकीचा, माझा स्वतःचा, की दोनदा सुई मोडली. राग कशाचा, तर ह्यांचं म्हणणं बरोबर होतं याचा. मी किती खरी वागले ते ह्या जगात फक्त मला माहीत आहे, आणि मला माहीत असून ह्यांना काडीचा उपयोग नव्हता.

त्यानंतर ह्यांनी एकही आकडा तोंडातून काढला नाही. घड्याळात किती वाजले तेसुद्धा विचारायचे नाहीत. माझ्याशी वाईट वागले असं नाही. जेवायला बोलावलं की यायचे, पाय चेपले की "पुरे" म्हणायचे. मी एकदा सकाळी सहाला मुद्दाम पुस्तक उघडून समोर बसले, म्हटलं, चला, दोनपासून तर दोनपासून. दोननं भागलं, बाकी एक. तीननं भागलं, बाकी एक. हे ऐकून घेत होते. पाचाशी आले तेव्हा त्यांनी हात चाचपत पुढे केला आणि पुस्तक मिटलं.

तिसऱ्या महिन्यात गेले. खोकला छातीत उतरला, चार दिवस दवाखान्यात होते. शुद्ध होती. शेवटच्या दिवशी मी कानाशी जाऊन म्हटलं, "अहो, ती मूळ आहे. खरंच आहे." ह्यांनी माझा हात दाबला, आणि म्हणाले, "असेल."

लेक रडून रडून थकली, तेव्हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "आई, एक बरं झालं. तू सांगून टाकलंस. बाबा निदान कळून गेले."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. कळून नाही गेले ते. असेल म्हणून गेले. पण हे मी तिला सांगितलेलं नाही.